सहा मैल, अकरा गडी आणि येळवस

शांतलिंग मास्तर आयुष्यात कुणाच्या मागं धावले नव्हते, आणि कुणी आपल्या मागं लागावं असं त्यांनी काही केलंही नव्हतं. असा माणूस मुरुमच्या शाळेत ड्रिलमास्तर कसा झाला, असा प्रश्न गावाला पडे. खरं सांगायचं तर तो मास्तरांनाही पडे. पण जागा होती ड्रिलमास्तरची, गरज होती मास्तरांना, आणि शिट्टी घरची होती. त्या बळावर त्यांनी चार वर्षं हंगामी नोकरी काढली होती.

हंगामी माणसाचं जिणं कसं असतं ते मुस्तकिल, म्हणजे कायम झालेल्या, माणसाला कळायचं नाही. हंगामी माणूस घराच्या छपरावरचा पत्रा बदलताना दहादा विचार करतो. तो हसतोसुद्धा बेतानं. अशा चार वर्षांनंतर एक दिवस सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, त्यांच्या हातात एक मुरासला, म्हणजे सरकारी पत्र, ठेवला. निजामाच्या रियासतीतर्फे हैदराबादला क्रॉसकंट्री नावाची धावण्याची शर्यत होणार होती. पुढंमागं सगळ्या हिंदुस्थानची तशी शर्यत भरली तर रियासतीचा गडी तयार असावा, म्हणून प्रत्येक तालुक्यानं सहा मैलांची चाचणी घेऊन पहिला आलेला गडी पाठवायचा होता. चाचणी बघायला मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याच्या शाळांचे बडे अधिकारी, जातीनं येणार होते.

"काम नीट झालं तर तुम्ही मुस्तकिल," हेडमास्तर म्हणाले. "न झालं तर आदिलाबादकडं जंगलातल्या एका शाळेत ड्रिलमास्तरची जागा रिकामी आहे. साहेबांनी तुमचं नाव विचारलंय."

मास्तरांनी घरी येऊन ही गोष्ट बायकोला, गंगम्माला, जमेल तेवढ्या हलक्या आवाजात सांगितली.

"तिकडं वाघ असतेत म्हणं," गंगम्मा म्हणाली.

"असतील. पण वाघ शाळेत येत न्हाईत."

"मग पैला मास्तर कुटं गेला?"

त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही.

मुरासल्यासोबत एक चोपडंही होतं. त्यात ह्या शर्यतीचा सगळा इतिहास दिला होता, आणि मास्तर इतिहास शिकवायला मिळावा म्हणून चार वर्षं झुरत असल्यानं त्यांनी तो संध्याकाळी कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांना वाचून दाखवला. विलायतेत शंभरेक वर्षांमागं शाळेतल्या दोन पोरांना ससे करत. ते ससे कागदाचे कपटे टाकत पुढं पळत आणि उरलेली पोरं शिकारी कुत्री होऊन त्या कपट्यांच्या मागावर रानोमाळ धावत. त्या खेळाची पुढं मोठ्या माणसांची शर्यत झाली, आणि शेवटी सगळ्या इंग्लंडचं अजिंक्यपद सुरू झालं. तिथंही गंमत झाली. पहिल्याच वर्षी बत्तीस गडी लंडनजवळच्या रानात धावले आणि सगळेच्या सगळे वाट चुकले! शर्यत रद्द करावी लागली.

"बत्तीसच्या बत्तीस?" शेजारचे आडत व्यापारी महालिंगप्पा म्हणाले. त्यांच्या घराची आणि मास्तरांच्या घराची भिंत एकच असल्यानं मास्तरांच्या कुठल्याही कामात पहिला सल्ला त्यांचाच असे. "एकानं तरी कुणाला वाट इचारायची."

"बेफिकीर माणसं," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आपल्याकडं असं होणार न्हाई."

आता वाट दाखवायची कशी? लढाईमुळं कागद मिळेना. शाळेत पोरं पाटीवर थुंकी लावून पुसत होती, तिथं सहा मैल कागद उधळायचा म्हणजे तुरुंगात जायचीच तयारी. गव्हाचा कोंडा टाकावा असं एकानं सुचवलं, पण तो धावणाऱ्यांच्या आधी गावच्या कोंबड्यांनी गाठला असता. शेवटी मास्तरांनाच ती अक्कल सुचली, आणि ती सुचल्याबद्दल त्यांना दोन दिवस स्वतःचं कौतुक वाटत होतं. प्रत्येक वळणावर चुन्यानं रंगवलेला एकेक पांढरा दगड ठेवायचा. जिकडं पांढरा दगड दिसेल तिकडं गड्यानं वळायचं. चुकायला जागाच नाही.

मग परवानगी. त्या काळात रियासतीत चार माणसं लग्नाशिवाय एकत्र आली की सरकारच्या कपाळाला आठ्या पडत. मास्तर अर्ज घेऊन पोलीस कचेरीत गेले. अमीनसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"ग्यारा आदमी दौडेंगे?"

"जी."

"पीछे कौन लगा है उनके?"

"कुणी नाही साहेब."

"तो फिर दौडते कायकू?"

मास्तरांनी इंग्लंडपासून सगळा इतिहास सांगितला. ससे ऐकून अमीनसाहेबांना शिकारीचा परवाना आठवला, कुत्री ऐकून म्युनिसिपालिटी आठवली. अखेर परवानगी मिळाली ती अटींसकट. चारांहून अधिक गड्यांनी एका वेळी बरोबर पळायचं नाही, हातात काठी धरायची नाही, घोषणा द्यायच्या नाहीत आणि सरकारी जवानानं हटकल्यास थांबून नाव सांगायचं. एक जवान ओढ्यापाशी उभाही राहणार होता.

गडी जमवताना मास्तरांची जीभ झिजली. गावातली जोर मारणारी पोरं म्हणत, "कुस्ती ठेवा की मास्तर, पळायचं ते कशापायी?" तरी अकरा जमले. त्यात खरा भरवशाचा एकच, टपाल पोचवणारा गुंडाप्पा. थैली पाठीला मारून तो उमरग्यापर्यंत निम्मा वेळ धावतच जाई, आणि ह्या मुलखातली प्रत्येक पायवाट त्याच्या टाचांना पाठ होती. मास्तरांनी सगळी आशा त्याच्यावर बांधली. महालिंगप्पांनी त्याला रोज अर्धा शेर दूध प्यायला सांगितलं. समोरच्या माणिकप्पांनी दूध बंद करून तूप सुरू करायला लावलं. गुंडाप्पानं दोन्ही ऐकलं आणि दोन दिवस टपाल उशिरा पोचलं.

तारीख मास्तरांनी स्वतः ठरवली होती. इथं थोडं सांगितलं पाहिजे. रियासतीतल्या माणसाला एकाच वेळी तीन कालगणनांत जगावं लागे. कचेरीत फसली, सुट्ट्यांना हिजरी आणि घरात पंचांग. मास्तरांना आपल्या सरकारी फसलीचा फार अभिमान. शुक्रवारी शाळेला सुट्टी म्हणून त्यांनी 'दहा बहमन, तेराशे चौपन्न फसली' अशी तारीख ऐटीत लिहून मोहतमीमसाहेबांना रवाना केली. पंचांग खुंटीला होतं. ते काढून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी महालिंगप्पा भिंतीपलीकडून म्हणाले, "मास्तर, परवा आमच्या शेतात याचं हं. गंगम्माक्काला घेऊन या."

"परवा? परवा तर शर्यत हाय."

"परवा येळवस हाय की वो!"

मास्तर उभ्याचे बसले. मार्गशीर्षातली अमावस्या, येळवस! धाराशिवाकडचा, लातूर-सोलापुराकडचा माणूस एक वेळ दिवाळी विसरेल, पण येळवस विसरायचा नाही. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळं घरदार भल्या पहाटे ज्वारीच्या शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, कोपीत पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात, आणि मग आंबील, पालेभाजी-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर असं रानभर जेवण. शेजारून वाटसरू गेला तर त्याला हाक मारून, हात धरून बसवायचं. येळवशीला आपल्या बांधावरून माणूस उपाशी गेला तर त्या शेताचं काही खरं नाही असं समजतात.

आता तारीख बदलायची म्हटली तर साहेब दौऱ्यावर निघालेले. पत्र पोचणार कसं आणि कुठं? गंगम्मानं कपाळाला हात लावला. मास्तर मात्र अर्ध्या तासानं स्वतःला सावरून म्हणाले, "उलट बरंच झालं. रानात कुणी औत धरणार न्हाई, गुरं न्हाईत. वाट मोकळी मिळंल."

गुरुवारी त्यांनी वाटेवर दगड मांडून घेतले, मग अकराही गड्यांना शाळेत उभं केलं आणि शपथ घातली, की शर्यत संपेपर्यंत कुणी तोंडात घास घालणार नाही. दहाजणांनी "व्हय मास्तर" म्हटलं. गुंडाप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

शुक्रवारी सकाळी मोहतमीमसाहेब उमरग्याहून टांग्यानं आले. हैदराबादचे, शेरवानीतले, अदबशीर गृहस्थ. पहाटे निघाल्यानं त्यांच्या पोटात काही नव्हतं. बरोबरचा थर्मास रिकामा होता. चहा हवा होता, आणि सगळ्या मुरुमात चहा करायला एक माणूस नव्हतं. हॉटेलाला कुलूप, घरोघरी कुलूप. मास्तरांच्या घरालाही कुलूप. गंगम्मा महालिंगप्पांच्या शेतात स्वयंपाकाला गेली होती आणि किल्ली तिच्या कमरेला.

"मास्टर, ये गाँव है या कब्रस्तान?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी शिट्टी मारली. चार, चार आणि तीन अशा टोळ्यांनी गडी पळाले. जाताना फार सुरेख दिसत होते. मास्तरांचा ऊर भरून आला. आठ वाजले होते, आणि पाऊण तासात पहिला गडी शाळेच्या मैदानात चुन्यानं आखलेली रेघ ओलांडायला हवा होता.

पाऊण तास झाला. तास झाला. सवा तास झाला. रेघेवर एक शेळी येऊन बसली. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, ठेवलं, पुन्हा काढलं. भुकेला अधिकारी आणि घड्याळ ह्यांची गाठ पडली की हाताखालच्या माणसाचं काही खरं नसतं.

"आदिलाबाद देखे हैं आप?" साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मास्तरांनी धोतराचा काष्टा आवळला. "साहेब, मी बघून येतो," म्हणाले आणि धावत सुटले. ड्रिलमास्तर झाल्यापासून ते पहिल्यांदाच धावत होते.

पहिल्या वळणावर पांढरा दगड नव्हता. दुसऱ्याही वळणावर नव्हता. तिसऱ्या वळणावर मात्र डाव्या अंगाला ज्वारीत एक पांढरा दगड चमकला, आणि मास्तर वळले. तो दगड एका कोपीत होता. त्याच्याशेजारी आणखी चार होते. पाचांनाही हळदकुंकू लावलेलं, पुढं नैवेद्य, आणि नैवेद्यापुढं मांडी घालून बसलेले त्यांचे तीन धावपटू. हनुवटीपर्यंत भज्जी माखलेली.

"मास्तर, तुमीच म्हणलाव की," एकजण घास गिळत म्हणाला. "पांढरा दगड दिसला की वळायचं. आमी वळलाव. मग ह्यांनी बसवलं."

कोप महालिंगप्पांचीच होती. ते हसत पुढं आले. "या मास्तर, या! लई चांगलं काम केलंत. सकाळी वाटंवर आयते चुना लावलेले दगड घावले. पांडवाला म्हणून उचलले. समद्यांनीच उचलले."

मास्तरांनी समोर बघितलं. जिथपर्यंत नजर जाई तिथपर्यंत ज्वारी आणि ज्वारीत कोपीच कोपी, आणि प्रत्येक कोपीत त्यांच्या अकलेचे पाच-पाच पांढरे दगड. ज्यांच्या वाटेवर दगड मिळाले नाहीत त्यांनी घरचे आणून चुना फासला होता. इंग्लंडातले ते बत्तीस गडी त्यांना आठवले. पण त्यांना निदान रानात कुणी जेवायला घातलं नव्हतं.

"उठा!" मास्तर ओरडले. कुणी उठलं नाही. उठण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं.

"मास्तर, बसा," महालिंगप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता आग्रह नव्हता, तक्रार होती. "आमच्या बांधावरून तुमी तसंच जाणार? येळवशीला?"

मास्तरांनी हात जोडले, नोकरीचं सांगितलं, आदिलाबादचं सांगितलं, वाघाचं सांगितलं. गंगम्मा कोपीच्या मागून आली आणि तिनं त्यांच्या हातात आंबिलीचा वाडगा ठेवला. नवऱ्याची नोकरी जाते की काय ह्या काळजीनं तिचे डोळे भरले होते, तरी वाडगा काठोकाठ होता. मास्तरांनी उभ्यानं प्यायला. पुढच्या कोपीत त्यांना दोन गडी आणि सरकारी जवान सापडला. जवानानं त्यांना हटकलं होतं, नाव विचारलं होतं, मग तिघंही बसले होते. तिथं मास्तरांना उंडा खावा लागला. तिसऱ्या कोपीत आणखी चार गडी, तिथं धपाटं. चौथ्या कोपीत एकजण आडवा झोपला होता.

बोटं मोजून मास्तरांनी हिशोब केला. दहा. गुंडाप्पा कुठंच नव्हता.

गुंडाप्पाला दगड लागतच नव्हते. त्याला वाट पाठ होती, आणि शपथ लिंगाची होती. हाका आल्या, त्यानं मागं बघितलं नाही. आता तो परतीच्या वाटेवर असणार. मास्तर पोटातल्या आंबिलीसकट आडवाटेनं शाळेकडं पळाले. मैदानाच्या टोकाला पोचले तेव्हा जीव कंठाशी आला होता. साहेब रेघेशेजारी टांग्याच्या गादीवर बसून कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि ते आदिलाबादचंच असणार ह्याबद्दल मास्तरांना शंका नव्हती.

तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं आरडाओरडा ऐकू आला.

गुंडाप्पा येत होता. ऊर फुटेस्तोवर धावत होता, आणि त्याच्या मागं पंधरा हातांवर, लुगड्याचा ओचा खोचून, डोक्यावर आंबिलीचं गाडगं एका हातानं सावरत, पन्नाशीची रुद्रम्मा धावत होती. ओढ्याकाठी तिचं चार एकर रान. एकटीनं कसायची.

"थांब की रं मुडद्या!" रुद्रम्मा ओरडत होती. "ऊटा माडि होगो! जेवून जा! माझ्या रानातनं उपाशी चाललास, माझी ज्वारी काय जळू का?"

"शपत हाय अव्वा!" गुंडाप्पा मागं न बघता ओरडला.

"तुझी शपत र्‍हाऊ दे! माझ्या येळवशीचं काय?"

साहेब उभे राहिले. शेवटच्या शंभर पावलांत गुंडाप्पाचे पाय जड झाले. चार दिवसांचं दूध आणि तूप त्याला अडवत होतं. रुद्रम्माला काहीच अडवत नव्हतं. दहा हात, पाच हात, बरोबरीनं, आणि मग ती त्याच्या पुढं गेली. रेघेच्या पलीकडं जाऊन गर्रकन वळली आणि दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी राहिली. गुंडाप्पा रेघ ओलांडून तिच्यावर जाऊन आदळला. आंबिलीचा एक थेंब सांडला नाही.

"संपली शर्यत?" रुद्रम्मानं धापा टाकत मास्तरांना विचारलं.

"संपली," मास्तर म्हणाले.

"सुटली तुझी शपत. बस!" तिनं गुंडाप्पाला खांद्याला धरून खाली बसवलं, कमरेचं फडकं सोडून उंडे पुढं ठेवले. मग तिची नजर साहेबांकडं गेली. शेरवानी, दौत, कागद ह्यातलं काही तिला दिसलं नाही. तिला एक उपाशी माणूस दिसला. "हे कोण? हे जेवले का?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"सकाळधरनं कुणी इचारलं न्हाय ह्यांना?" ती मास्तरांवरच उखडली. "काय माणसं हाव का कोण! बर्री साहेब, बसा." साहेबांच्या थर्मासचं झाकण तिनं पुढं ओढलं आणि काठोकाठ आंबील ओतली.

साहेबांनी वास घेतला. ताक, लसूण, जिरं. एक घोट घेतला. मग झाकण एका दमात रिकामं करून पुढं केलं. तीन झाकणं झाली, दोन उंडे झाले. मास्तर एका पायावर उभे होते.

शेवटी साहेबांनी मिशा पुसल्या. "अव्वल कौन आया, मास्टर?"

इथं मास्तरांची खरी परीक्षा होती. गुंडाप्पाचं नाव घेतलं की सगळं सुरळीत होत होतं. पण साहेबांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मास्तरांच्यानं त्या बाईसमोर खोटं बोलवेना.

"रेघ आधी ह्यांनी ओलांडली साहेब. रुद्रम्मांनी."

"मला काय करायचाय तुमचा नंबर?" रुद्रम्मा म्हणाली. "म्या ओढ्यापास्नं पळाले. हा समदीकडनं पळालाय. लेकरू जेवलं, झालं माझं."

साहेबांनी लिहिलेल्या कागदाकडं बघितलं, तसं मास्तरांना आदिलाबादचं रान दिसायला लागलं. मग ते मोठ्यानं हसले. हातातला कागद त्यांनी फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहिलं, की मुरुमचा मुकाबला सहा मैलांचा, वाट कठीण आणि रस्त्यात अडचणी अशा की त्या हैदराबादच्या मैदानावर कधी येणार नाहीत. एवढ्या अडचणींतून अकरातला एक गडी पार पडला, तोच रियासतीसाठी योग्य. आणि जो मास्तर असली शर्यत घेऊन शेवटी खरं बोलतो, त्याला मुस्तकिल करण्यात यावं.

मास्तरांनी ते उर्दूत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. चार वर्षांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं वाटत होतं.

दुपारी साहेबांचा टांगा गेला तो भज्जीचं गाडगं घेऊनच. मास्तर महालिंगप्पांच्या शेतात परत आले. गंगम्मा लांबूनच त्यांची चाल बघून समजली. ती कोपीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली, मग हसली.

दिवस मावळून अंधारल्यावर हेंडग्याची वेळ झाली. वाळक्या कडब्याचा हेंडगा पेटवायचा आणि तो हातात धरून एका गड्यानं उभ्या पिकाभोवती पळत फेरी मारायची, अशी त्या दिवसाची रीत. महालिंगप्पांनी गड्यांना हाक मारली. अकरातला एकही उठला नाही. गुंडाप्पा तर बांधावर उताणा पडून चांदण्या मोजत होता.

"आणा इकडं," मास्तर म्हणाले.

"तुमी?" महालिंगप्पांना हसू आवरेना. "मास्तर, पडाल!"

मास्तरांनी काष्टा मारला, हेंडगा घेतला आणि पळत सुटले. ज्वारीच्या कडेनं ठिणग्या उडत गेल्या. लांबून लोकांना नुसता जाळ पळताना दिसत होता आणि त्यामागं ड्रिलमास्तरांचा आवाज येत होता. ते शब्द नव्हते, नुसती आरोळी होती. फेरी पुरी झाली. महालिंगप्पा ओरडले, "बास मास्तर, एकच फेरी असती!"

पण मास्तर थांबले नाहीत. मागं कुणी लागलं नव्हतं, पुढं कुठं पोचायचं नव्हतं, आणि ते दुसऱ्या फेरीला निघून गेले होते.